आत्याचा शेवटचा झगा

आमची आत्या आयुष्यभर बायकांचे कपडे शिवत आली. हात साफ आणि तोंड फटकळ. तिची लेक ऐन तिशीत, कपडे वाळत घालता घालता कोसळली आणि गेली. कारण कळत नाही, शवविच्छेदन करू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या पोरीला सुरी लावायची नाही, एवढंच आत्या म्हणाली. आम्हीही माना डोलावल्या. चिरफाड म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा.

लेकीची लेक आत्याकडेच वाढली. कॉलेजात जायला लागली आणि तिला भोवळ येऊ लागली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, हिची आई कशाने गेली?

"हृदय बंद पडलं," आत्या म्हणाली.

"आजी, ते सगळ्यांचंच पडतं. का पडलं?"

पोरीच्या तपासण्यांत काही सापडेना. चकरा तर आत्यालाही येत होत्या, म्हणजे दुखणं घराण्यातलंच असावं, असं डॉक्टरांना वाटत होतं.

तेव्हापासून आत्याने आम्हाला भंडावून सोडलं. मी गेले की मला उघडून बघू द्या, पोरीसाठी. घरी कुणी आलं की शिवलेली बाही उसवायची, पुन्हा शिवायची आणि विचारायची, सांग, कुठे उसवलं होतं? कुणालाच सांगता येत नसे. तिचा मुलगा, म्हणजे पोरीचा मामा, मोबाइलमधून मान वर न काढता "हो गं आई" म्हणायचा. तिने स्वतःसाठी शेवटचा झगा शिवून ठेवला. पाठीत उघडा, नाड्यांचा. टाके घातलेल्या अंगाला घालायला सोपा जावा म्हणून.

मागच्या महिन्यात ती दवाखान्यातच वारली. शवविच्छेदन करू का, असं डॉक्टरांनी आपणहून विचारलं. नात मामाच्या पाया पडली, पण सही मामाची लागत होती.

"आईचे आणखी हाल नकोत," तो म्हणाला.

नातेवाइकांना तो फार मायाळू वाटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्याच्या भाचीचं, माझं, कोण ऐकतंय?

उघडी पाठ बरी दिसत नाही म्हणून सुनेने आत्याच्याच मशीनवर झगा मागून शिवून टाकला. मग तो अंगात जाईना, तेव्हा दोघीतिघींनी आत्याचे हात ओढून, वाकवून चढवला. त्याला कुणी हाल म्हटलं नाही.

परवा पोरीला डॉक्टरांकडे नेलं. मामाही आला. आजी कशाने गेली, डॉक्टरांनी विचारलं. पोर मामाकडे बघत राहिली.

"हृदय बंद पडलं," मामा म्हणाला.