ड्रमातली गोळी

माझ्या भावाला कमरेला पिस्तूल लावल्याशिवाय घराबाहेर पाय टाकता येत नव्हता. लायसनचं पिस्तूल, चोरीछुपं नव्हे. कन्नड तालुक्यातली बापाची जमीन विकून त्यानं शहरात प्लॉटिंगचा धंदा टाकला, चार दुश्मन कमावले, आणि जिवाला धोका आहे म्हणून परवाना मिळवला. धोका त्याच्या जिवाला होता म्हणे. वहिनीच्या जिवाचं काय, हे कुणी विचारलं नाही.

आमच्यात दसऱ्याला हत्यारं पुजतात. बाप होता तोवर पाटावर विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असायचा. गेल्या वेळी दादानं मधोमध पिस्तूल मांडलं. ते बघून आमचे काका बिथरले. कुठल्याशा वरातीत हवेत बार काढताना एक पोरगी मेल्याचं त्यांनी त्याच सकाळी पेपरात वाचलं होतं. "असले परवाने काढूनच घ्यायला पाहिजेत," ते म्हणाले.

दादा म्हणाला, "गुंडाकडं गावठी कट्टा असतोच काका, त्याला कुठं परवाना लागतो? मग कायदा पाळणाऱ्यानंच हात चोळत बसायचं का? आन मारणाऱ्याला पिस्तूल लागत नाय. खलबत्त्यातल्या बत्त्यानं पण माणूस मरतो."

मला कुठं गप्प बसवतं! मी म्हणाले, "परवाना देताना ह्याच्यावर गुन्हे किती ते बघतेत, डॉक्टरचा दाखला बघतेत. घरातल्या बाईला येगळं बसवून एकदा इचारावं, बाई, ह्याच्या हातात हे द्यायचं का? एवढी अक्कल कायद्याला असली तरी लई झालं."

दादा हसला आणि वहिनीला म्हणाला, "कुंकू लाव त्याला."

"ह्याला मी लावणार नाय," वहिनी म्हणाली. दसऱ्याच्या थोडे दिवस आधी भाजी खारट झाली म्हणून त्यानं ह्याच पिस्तुलाची नळी तिच्या तोंडात कोंबली होती. पुढचा दात अर्धा तुटला होता. पाहुण्यांना तिनं न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. मला खरं ठाऊक होतं. ती तांब्याचा कलश तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

दादानं पाटावरचं पिस्तूल उचललं, अक्षता झटकल्या आणि तिच्या मागं गेला. आवाज असा झाला की माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. मी धावले तेव्हा वहिनी पाण्याच्या निळ्या ड्रमाला टेकून उभी होती. गोळी तिच्या कमरेजवळून ड्रमात घुसली होती आणि भोकातून पाण्याची धार लागली होती. दादानं पिस्तुलाच्या मुठीनं तिच्या कपाळावर एक ठेवून दिली. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. काकांनी त्याला मागून मिठी मारून बाहेर ओढलं. वहिनीनं काय करावं? तिनं भोकात अंगठा घातला आणि मला म्हणाली, "ताई, काही तरी बोळा द्या. पाणी आता आठवडाभर येणार नाय."

मला रडू आलं आणि रागही आला. दादाचा गळा दाबावा असं वाटलं. काका म्हणाले, घरातलं आहे, घरात मिटवू. आमच्याकडं असंच असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चिंधीचा बोळा लावून तेच पाणी त्या घरानं आठवडाभर प्यायलं. ड्रम रिकामा झाला तेव्हा तळाशी गोळी सापडली. वहिनीनं ती तुरडाळीच्या डब्यात लपवली.

मग निवडणूक लागली. निवडणुकीत भानगडी नकोत म्हणून पोलिसांनी त्याला हत्यार जमा करायला लावलं. मारहाण थांबली नाही, पण वहिनीला झोप लागायला लागली. एकदा मला म्हणाली, "ताई, निकाल लागला की ते परत येईल. मग मी काही जगत नाय."

निकालाच्या आदल्या दिवशी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी आधी मलाच विचारलं, "तुम्ही बाईच्या कोण? माहेरच्या का?"

"मी लायसनवाल्याची सख्खी बहीण," मी म्हणाले. वहिनीनं पदराची गाठ सोडून गोळी टेबलावर ठेवली. साहेबांनी गोळी उचलून बघितली, मग तिचा तुटका दात बघितला. मग त्यांनी आमचा जबाब लिहून घेतला. चौकशी होईपर्यंत पिस्तूल द्यायचं नाही असं ठरलं. वहिनीला मी माझ्याच घरी आणलं.

पिस्तूल मिळालं नाही तसा दादा तडक माझ्या दारात आला. मी ओट्याशी लसूण कुटत होते. वहिनी गच्चीवर होती. "सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस," म्हणाला, आणि त्याचा हात कमरेकडं गेला. कमरेला नुसता पट्टा होता. हात तिथं क्षणभर चाचपडला. मग त्यानं माझ्या हातातला बत्ता हिसकावला आणि खांद्यावर हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा घाव कानाला चाटून गेला. तोवर शेजारचे आत घुसले आणि त्याला खाली पाडलं.

बत्त्यानं पण माणूस मरतो, दादा म्हणाला होता. मरत असेल. माझा खांदा सहा आठवड्यांत जुळला. थंडीत ठणकतो, वहिनी तेल लावून देते. पण दादाचा हात आधी कमरेकडं गेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.