मग हात पुढे

शिरसाटबाईंसमोर 'माहीत आहे' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की त्या पेशंटपासून दोन पावलं मागे सरायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि म्हणायच्या, "माहीत आहे ना? मग हात पुढे."

जयपुरात मालवीय नगरच्या एका इस्पितळात त्या फिजिओथेरपीच्या प्रमुख होत्या. मूळच्या कराडच्या. नवरा फौजेत, बदलीने इथे आले आणि खातीपुऱ्यात घर बांधून राहिले. मी सांगलीहून, परीक्षेत पहिली आल्याच्या तोऱ्यात, नोकरीला आले. पहिल्याच दिवशी बाईंनी अर्धांगवायूच्या एका आजोबांना उठवून बसवायला सांगितलं. मी सगळ्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या.

"पाठांतर छान आहे. आता बसव."

मी त्यांचा लुळा हात धरून ओढला. आजोबा कळवळले आणि वर मलाच धीर देत म्हणाले, "रहने दे बेटी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी बाईंनी मला रिकाम्या खाटेवर निजवलं, उजवं अंग हलवायचं नाही म्हणून बजावलं आणि वीस वेळा उठवून बसवलं. "आता तुझ्या अंगाला कळलं. डोक्यात नुसतं पडून राहिलं की आंबतं गं सगळं."

दुसरा हट्ट मराठीचा. तीस वर्षं जयपुरात काढूनही घरात हिंदी शब्द येऊ द्यायच्या नाहीत. माझ्या तोंडून 'मतलब' निसटलं की लगेच, "म्हणजे! म्हणजे म्हण." माझी मुलगी त्यांना 'आजीजी' म्हणायची. "अगं, आजीत 'जी' आधीच आहे. दुसरा कशाला?" नवरा गेला, त्या निवृत्त झाल्या, आणि टोकायला त्यांना आम्हीच उरलो. मला त्याचा अधूनमधून कंटाळा यायचा. हे लिहिताना लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जाणार होतो. सकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, येताना ते... मतलब... ते आण. वो... मतलब..."

मला हसू फुटलं. "बाई, अखेर जयपूरनं तुम्हालाही बाटवलं!"

पलीकडून त्याही हसल्यासारख्या वाटल्या. मग फोन बंद झाला. मी हा किस्सा नवऱ्याला चवीने सांगितला.

बोलता बोलता नेहमीचा शब्द सापडेनासा झाला, तर पक्षाघाताची शंका घ्या, एक मिनिटही दवडू नका. हे मी सहा वर्षं इस्पितळात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवत होते, प्रश्नपत्रिकेत विचारत होते. संध्याकाळी शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारात पडलेल्या होत्या. उपचारांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

त्यानंतर त्या चार महिने जगल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एकच शब्द, 'मतलब'. पाणी हवं असलं तरी मतलब, कूस बदलायची असली तरी मतलब. मी रोज जायची आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे त्यांना उठवून बसवायची. माझे हात आता चुकत नव्हते, पण त्याचा काय उपयोग?

आता फोनवर कुणी अडखळलं की मी गाडी काढते. दोनदा फुकट गेले. एकदा तर समोरच्याच्या तोंडात सुपारी होती. लोक हसतात, मी हसू देते.

बाई जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना बसवलं, पाठीशी उशी लावली आणि इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं.

"बाई, त्या दिवशी फोनवर तुम्हाला शब्द सापडत नव्हता. त्याचा अर्थ काय, ते मला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. धडधाकट डावा हात चादरीवरून सरकत सरकत पाठीमागे गेला.

"मतलब?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच तो शब्द जागेवर पडला होता.