कापसाच्या बर्फाचं बेट

दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या बेटावर मी सहा महिने काढलेत, असं मी सातवीच्या वर्गाला ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे वाशीमच्या पुढं माझं पाऊल कधी पडलेलं नाही. पण आमच्या पुसेगावाकडं मे महिन्यात पत्र्यावर बसलेला कावळा उडताना पाय तिथंच ठेवून जातो. अशा मुलखात बर्फ शिकवायचा, तर मास्तरानं थोडं वाढवून बोलायला नको?

बेट एवढंसं. माणूस नाही, झाड नाही, मधोमध डोंगर आणि काठावर पेंग्विन. मला बघून ते ओळीनं बाजूला सरायचे, हेही मी सांगून टाकलं.

शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही मैदानात काळ्या मातीचं ते बेट रचलं. भोवती चर खणून समुद्र भरला. बर्फासाठी पोरांनी घरचा कापूस आणला.

"उत्तरेच्या उताराला लावा," मी म्हणालो. "या डोळ्यांनी बघितलाय."

आमच्याकडं घरोघरी पाण्याचा रांजण उत्तरेच्या भिंतीलाच असतो. सावली तिकडं, गारवा तिकडं. मग बर्फ दुसरीकडं कशाला जाईल?

प्रदर्शनाच्या सकाळी बेटाची माहिती सांगायला तांड्यावरची एक पोरगी उभी राहिली. समोर तिचा बाप बसलेला. तिला पुढं हिंगोलीच्या वसतिगृहात धाडायचं की शाळा बंद करायची, हे तो आज तिचं बोलणं ऐकून ठरवणार होता.

पोरगी माहिती सांगायचं सोडून सरळ समुद्रात उतरली अन् सगळा कापूस उचलून दक्षिणेला लावला.

"अगं ए, रांजण उन्हात ठेवून राहिली का?" मागून एक म्हातारा ओरडला. गाव खदाखदा हसलं. बापाची मान खाली गेली.

तिनं शेजारच्या भाज्यांच्या टेबलावरचा भोपळा घेतला. आगपेटीची एक काडी वरच्या अंगाला खोचली. "हे आपण." दुसरी पार खाली. "हे बेट." भोपळा तिरप्या उन्हात धरला. वरच्या काडीची सावली वर, उत्तरेकडं गेली, खालच्या काडीची खाली.

"तिथं सावली दक्षिणेला पडते. बर्फ तिकडंच टिकतो."

हसणं थांबलं. बाप माझ्याकडं वळला. "पण गुरुजी, तुमी तर जाऊन आलते ना? तुमी म्हणले उत्तरेला."

हो म्हणालो असतो तर माझे सहा महिने वाचत होते आणि पोरीचं हिंगोली बुडत होतं. मी पेंग्विनांसकट सगळं बेट एका घोटात गिळलं.

"मी कुठं गेलो न्हाई," म्हणालो. "तिचं बराबर आहे."

बाप मांडीवर थाप मारून हसला. "व्हय का! तुमी बी गेले न्हाई, ही बी गेली न्हाई. पण बराबर हिचंच निघालं! बोला, हिंगोलीला कागद काय काय लागत्यात?"

"अर्ज लागतो. तो मी लिहून देतो."

पोरगी चिखलाचे पाय झटकत चरातून बाहेर आली. "लिहा सर," म्हणाली, "मी तपासून घेते."