एकसष्टची शाब्बासकी

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंना परदेशातल्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा घरात पहिलं तोंड उघडलं ते नणंदेने. "या वयात लोक गुडघ्यांचं बघतात, वहिनी." बाई म्हणाल्या, "गुडघे सोबतच नेणार आहे." विषय तिथेच मिटला.

खरं सांगायचं तर बाईंना कुठे जायचं नव्हतं. एकवीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्या तिथूनच निवृत्त होणार असं सगळे धरून चालले होते. पण मुलं कमी झाली, तुकड्या बंद पडल्या आणि एका सकाळी कागद आला की बाई आता 'अतिरिक्त' आहेत. म्हणजे जास्तीच्या. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत कचेरीत बसून फायली लावायच्या. पगार चालू राहणार होता, त्यामुळे शेजारपाजारचे म्हणाले, चला, आराम झाला. बाईंनी तीन दिवस फायली लावल्या. चौथ्या दिवशी घरी येऊन पर्स टेबलावर आपटली आणि लेकीला म्हणाल्या, "त्या बाहेरच्या शाळांच्या जाहिराती येतात ना तुझ्या फोनवर? माझं नाव भर."

नवरा म्हणाला, "अगं, एकदा विचार कर."

"अहो, केला," बाई म्हणाल्या. त्यांनी राजीनामा दिला तोही असा, की तो परत घ्यायला वाटच उरू नये.

नवीन शाळेच्या करारात साधी अट होती. सहा महिने परीक्षेचे. मग मुख्याध्यापक एक फॉर्म भरणार, त्यावर तीन चौकोन: कायम, मुदतवाढ, अयोग्य. तिसऱ्या चौकोनात खूण पडली की तीस दिवसांत देश सोडायचा. मुख्याध्यापकांना बाई मनातल्या मनात 'हसरे' म्हणायच्या, कारण हा माणूस वाईट बातमीसुद्धा पेढे वाटल्यासारखी सांगायचा. वर्गाच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. त्या पट्टीत दिवसातून दोनदा त्यांचं हसू दिसायचं आणि पुढे सरकायचं.

राहायची खोली शाळेनेच दिली होती, कपडे धुण्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, एक टेबल आणि दिवसभर खालून येणारा गरम इस्त्रीचा वास. दुसऱ्या खाटेवर मायदेशातलीच एक होती, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, सहा वर्षं मुरलेली. शाळेत दोघींना 'जुनी' आणि 'नवी' म्हणत. जुनी होती बत्तीसची आणि नवी सत्तेचाळीसची, पण त्याची गंमत फक्त या दोघींनाच वाटायची.

तिसऱ्या महिन्यात पहिली चाचणी आली. बाईंनी सातवीच्या वर्गासाठी गणिताचा पेपर काढला तो एकवीस वर्षं काढत आल्या तसाच. निम्मे प्रश्न सगळ्यांसाठी, थोडे हुशारांसाठी आणि शेवटचा एक केवळ खोड जिरवायला. तपासतानाही हात आखडताच. शंभरपैकी शंभर मिळवायला देव उतरला असता तरी बाईंनी त्याच्या पायऱ्या तपासल्या असत्या. पण वर्गाची सरासरी आली एकसष्ट, आणि बाई हरखल्या. नवा देश, नवी मुलं, परकी भाषा, आणि पहिल्याच झटक्यात अख्खा वर्ग फर्स्ट क्लास! साठच्या वरच्या प्रत्येक पेपरवर त्यांनी लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शाब्बास! पहिला वर्ग.' जुनी त्या वेळी केस धूत होती, नाहीतर तिने पेन हिसकावून घेतलं असतं.

पेपर वाटले आणि वर्गात सुतकी शांतता पसरली. एक मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. बाईंना वाटलं, आनंदाने. दुपारपर्यंत शाळेचा फोन तापला. हसऱ्यांनी बाईंना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आपल्याकडे सत्तरच्या खाली म्हणजे नापास," ते हसत म्हणाले. "तुम्ही जवळजवळ सगळा वर्ग नापास केलाय. आणि वर त्यांचं अभिनंदन केलंय. पालकांना वाटतंय, बाई थट्टा करतायत."

बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतकी साधी गोष्ट आपण विचारू नये? एकवीस वर्षांचा अनुभव म्हणून छाती काढून आलो आणि इथली मोजपट्टीच पाहिली नाही. त्या उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. शंभर टक्के माझी."

"छान! मग सोपं आहे. सगळ्यांना वीस-वीस वाढवा. तरी कुणी खाली राहिलं, तर त्याला सत्तर करून टाका."

"वाढवणार नाही," बाई म्हणाल्या. "नवीन पेपर घेते. इथल्या मापाचा. माझ्या मोकळ्या तासांना तपासते."

हसऱ्यांचं हसू जागेवर राहिलं, पण भुवया वर गेल्या. तरी त्यांनी परवानगी दिली.

बाईंनी जुने पेपर मागवले, चार संध्याकाळी बसून इथली पद्धत समजून घेतली आणि नवी चाचणी घेतली. तीसपैकी एकोणतीस मुलं पंचाहत्तरच्या पुढे गेली. राहिली एक. खिडकीजवळ बसणारी, म्हणून बाई तिला 'खिडकीवाली' म्हणत. कधी हात वर नाही, कधी प्रश्न नाही. तिला पडले एकतीस. तिने अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिली होती, वरचे आकडे वर मिळवून आणि खालचे खाली. आणि अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश मोठा, कारण दोनापेक्षा तीन मोठे, असं नीट, गोल अक्षरात कारणही दिलं होतं.

बाईंनी तिची मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं काढली. गणित: चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, पंचाहत्तर. बाईंचं डोकं फिरलं. म्हणजे तीन वर्षं तीन शिक्षकांनी हिची वही पाहिली, आणि तिघांनी पाच मिनिटांच्या कटकटीतून सुटायला हिला पास करून पुढच्या वर्गात ढकललं.

"तिलाही बहात्तर देऊन टाका ना," जुनी म्हणाली. ती खाटेवर बसून मोज्याला टाका घालत होती. "आपल्या काय बापाचं जातंय, बाई?"

"अगं, तिचं जातंय!"

"आणि तुमचा फॉर्म?"

"फॉर्म खड्ड्यात गेला."

"खड्ड्यात नाही गेला, हसऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे," जुनी म्हणाली. बाईंना हसू आलं, पण रजिस्टरमध्ये त्यांनी एकतीसच लिहिले आणि मुलीच्या आईला बोलावणं धाडलं.

आई आली ती थेट कामावरून, दवाखान्यातल्या परिचारिकेचा निळा गणवेश घालून आणि भांडायच्या तयारीने. "माझ्या मुलीला कायम पंचाहत्तर पडतात. तुम्ही आल्यावरच कसं बिघडलं?" बाईंनी कात्री काढली. त्यांनी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एकीचे दोन भाग केले, दुसरीचे तीन, आणि मुलीचा पेपर त्यांच्याशेजारी ठेवला. आईने पट्ट्यांकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं. तिसऱ्या भागाचा तुकडा अर्ध्यावर ठेवून पाहिला. मग तिने विचारलं, "हे तिला कधीपासून येत नाहीये?"

"तीन वर्षं तरी."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

"मी सांगतेय," बाई म्हणाल्या.

हसऱ्यांना हे आवडलं नाही. आई जाताना त्यांच्या खोलीत शिरून मोठ्याने बोलली होती, आणि जुन्या गुणांचा विषय निघाला होता. त्यांनी बाईंना गाठून नेहमीच्याच गोड आवाजात सांगितलं, "सहामाहीला ही मुलगी सत्तरच्या वर दिसली पाहिजे. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. नाहीतर फॉर्मवर काय लिहायचं ते मला ठरवावं लागेल."

बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं खिडकीवालीला शिकवायला सुरुवात केली. पट्ट्या दुमडल्या, कापल्या, जुळवल्या. पहिले पंधरा दिवस मुलगी नुसती मान हलवायची, आणि बाईंना मान हलवणाऱ्या मुलांचा मनस्वी राग. "मान नको हलवू. चुकीचं का होईना, बोल!" एकदा त्यांचा आवाज इतका चढला की झाडणारा माणूस दारातूनच परत फिरला. मुलगी रडली. दुसऱ्या दिवशी येणार नाही असं बाईंना वाटलं, पण ती आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "एक तृतीयांश लहान आहे, कारण पट्टी जास्त जणांत वाटली." बाईंनी तोंड फिरवून फळा पुसला. फळा कोराच होता.

फोनवर नवरा म्हणाला, "अगं, नोकरी तुझी, मुलगी लोकांची. कशाला जिवाला त्रास?"

"अहो, एकदा जास्तीची ठरले की मी. आता इथेही नुसती सही करायला ठेवलेली बाई व्हायचं का?" नवरा म्हणाला, "जेवलीस का?" त्याचं प्रेम हे एवढंच, पण ते कधी चुकलं नाही.

सहामाहीत खिडकीवालीला अठ्ठावन्न पडले.

बाईंनी पेपर तीनदा तपासला. अठ्ठावन्नच. एकतीसवरून अठ्ठावन्न, म्हणजे पोरीने डोंगर चढला होता. पण इथल्या हिशेबात नापास ती नापासच. त्या संध्याकाळी जुनीने स्वतः पेन आणून दिलं. "बारा मार्क, बाई. फक्त बारा. ती खरंच शिकलीय, तुम्हीच म्हणता. मग यात खोटं ते काय?"

बाईंचा हात थांबला, हे लपवण्यात अर्थ नाही. तीस दिवस, रिकामी बॅग, नणंदेचा चेहरा, कचेरीतल्या फायली आणि आता तर त्या फायलीही नाहीत, हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. भीती वाटली, चांगलीच वाटली. मग त्यांनी पेन घेतलं आणि अठ्ठावन्न लिहिले. "बारा फुकटचे दिले," त्या म्हणाल्या, "की हे अठ्ठावन्नही फुकटचेच वाटतील तिला."

सकाळी रजिस्टर कार्यालयात जमा झालं. दुपारी हसऱ्यांचा निरोप आला, की फॉर्म चार वाजता भरायचा आहे. साडेतीनला खिडकीवाली पेपर घेऊन बाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"इथे अर्धा गुण कापलाय," ती म्हणाली. "पायरी लिहिली नाही म्हणून. पण लिहिली आहे. समासात."

बाईंनी चष्मा लावला. समासात, बारीक, पण स्पष्ट, पायरी होती. आणि बरोबर होती.

जमा झालेल्या रजिस्टरात बदल करायचा तर एक वेगळा कागद भरावा लागे, 'शिक्षकाकडून झालेली चूक' या मथळ्याचा. तो शिक्षकाच्या फायलीत कायमचा लागे आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय पुढे जात नसे. जुनीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "आत्ता? फॉर्मच्या आधी? अर्ध्या मार्कासाठी? त्याने ती पास होतेय का?"

"नाही होत."

"मग?"

"तिचा आहे तो," बाई म्हणाल्या आणि कागद भरायला बसल्या.

चार वाजता हसऱ्यांसमोर दोन कागद होते. डावीकडे फॉर्म, उजवीकडे बाईंच्या चुकीचा कबुलीजबाब. त्यांनी उजवीकडचा वाचला. पुन्हा वाचला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बारा गुण हवे होते, ते दिले नाहीत," ते म्हणाले. "आणि अर्ध्यासाठी स्वतःच्या फायलीत डाग लावून घेताय?"

"ते बारा तिने मिळवले नव्हते. हा मिळवलाय. आणि मला अयोग्य ठरवायचं असेल, तर खुशाल ठरवा. पण कारणाच्या रकान्यात हेच लिहा. पोरीच्या आईला आणि बाकीच्या एकोणतीस घरांना मी दाखवीन."

हसऱ्यांनी पेन उचललं, पहिल्या चौकोनावर नेलं, तिसऱ्यावर नेलं आणि शेवटी मधल्या चौकोनात खूण केली. मुदतवाढ, सहा महिने. मग दुसऱ्या कागदावर सही केली आणि तो बाईंकडे सरकवला. "तुमच्यासारखी माणसं फार त्रास देतात," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "हो."

बाहेर व्हरांड्यात खिडकीवाली दप्तर पाठीला लावून उभी होती. पाऊण तास झाला असेल, भिंतीला टेकलीसुद्धा नव्हती.

"मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला."

मुलीने मान हलवली नाही. दप्तर खाली ठेवलं, त्यातून पेपर काढला आणि दुसरं पान उघडून बाईंच्या समोर धरलं. "मग चौथा प्रश्नही बघा. तिथेही चुकीचा कापलाय असं मला वाटतं."

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"दाखव," त्या म्हणाल्या.