राखेतली तूर

भागरतामावशी गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. ज्या ग्रुपवर मी तुरीतला ओलावा, पोत्यांची शिलाई आणि गाडी कधी येणार हे कळवायचे, त्याच ग्रुपवर त्यांच्या सुनेनं, वंदनानं, सकाळी एक ओळ टाकली होती. सासूबाई काल अंगणात पडल्या, साकोलीला दवाखान्यात नेताना वाटेतच गेल्या. खाली कुणी हात जोडले होते आणि त्याखाली आमच्या ऑफिसातल्या एकानं ‘नोटेड’ लिहिलं होतं. मी फोन धरून बसून राहिले. काय लिहावं ते सुचेना… शेवटी काहीच लिहिलं नाही. बोलायचं तेव्हा गप्प राहणं ही माझी जुनी खोड आहे, आणि आज जे सांगायला बसले आहे ते बरंचसं त्या खोडीमुळेच घडलं.

मी नागपुरात एका लहानशा कंपनीत काम करते. छोट्या शेतकऱ्यांकडून डाळी-कडधान्यं विकत घ्यायची, ती साफ करून शहरात विकायची, असं ते काम. मावशींचं गाव सानगडीच्या पुढे, आत. तिथे भाताच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, मातीचे जे बांध असतात त्यांना धुरा म्हणतात, आणि रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बाया त्या धुऱ्यावर तूर टोकतात. बांधीतलं धान पुरुषांचं, धुऱ्यावरची तूर बायांची, असा तिथला न लिहिलेला नियम. ही तूर बारीक, लालसर. पायात पाणी असलं तरी उभी राहते. दिसायला मात्र काहीच नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी फाइल छातीशी धरून उभी होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी मराठी पुस्तकी वाटते, त्यामुळे मी शक्यतो कमी बोलते. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“परीक्षा घ्याले आली का वं, पोट्टी?”

मी ओलावा मोजायचं यंत्र काढलं. मावशींनी एक दाणा दाढेखाली धरला, टक्कन फोडला आणि म्हणाल्या, “वाळली.” यंत्रानंही तेच सांगितलं. “पाहा वं,” त्या बाकीच्या बायांना म्हणाल्या, “मशिनीले दात नाही, तरी बराबर सांगते!” बाया हसल्या. मीही हसले, बहुतेक त्या गावात पहिल्यांदा.

ऑफिसला मोठ्या दाण्याची, एकसारखी तूर हवी होती. गावात एकेक बाई धुरा सोडत होती. धुऱ्यावर तणनाशक मारलं की काम सोपं, आणि डाळ दुकानात मिळतेच. मावशींना हे सहन होत नव्हतं. “एकदा का तुझ्या कंपनीनं हे तूर घेतली, तं या बाया धुरा सोडत नाही. नाही घेतली, तं दोन सालात बियाणं बी राहणार नाही,” असं त्यांनी मला सरळ सांगितलं. मी ऑफिसात महिनाभर धीर गोळा करून अखेर बोलले. एक लॉट चाचणीसाठी घ्यायचं ठरलं. मावशी घरोघर फिरल्या. बायांनी घरात होती नव्हती ती सगळी तूर दिली, बियाण्यासाठी ठेवलेलीसुद्धा, कारण मावशींनी शब्द दिला होता, “बी माझ्या ढोलीतून न्या.” ढोली म्हणजे बांबूची, शेणामातीनं लिंपलेली कणगी.

मग गावात बायांची मीटिंग झाली. मालात बाहेरचा कोणताही पदार्थ चालणार नाही, हा नियम मी वाचून दाखवला. तिथे तुरीला कीड लागू नये म्हणून चुलीची राख चोळून ठेवतात. मावशींनी विचारलं, “राख बी नोको?” मला माहीत नव्हतं. चाळली की राख निघून जाते, आमच्याकडे ती चाळणी आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ऑफिसातल्या साहेबांना एक फोन करायचा होता. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मला संकोच वाटला, आणि मी म्हणाले, “नको. राखेतली तूर चालणार नाही.”

त्यांनी तूर धुतली. सगळीच्या सगळी, तलावाच्या पाण्यानं, हौसेनं, कंपनीला स्वच्छ माल जावा म्हणून. वाळवली, वरून वाळलीही, पण दाण्याच्या आत ओल राहिली. गाडी आठवडाभर उशिरा आली. गोदामात पोती उघडली तेव्हा भुंगे बाहेर आले. लॉट नाकारला; पेरण्याजोगा दाणाही त्यात उरला नव्हता. ज्या राखेनं तूर वाचली असती तीच मी काढायला लावली होती.

मी सांगायला गेले तेव्हा मला रडू आलं. मावशी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “धुतली आमी, तू कायले रडून राहिली?” मग सूप पुन्हा हातात घेत, “पण तुले इचारलं होतं ना वं मी…” त्या एवढंच बोलल्या. निघताना त्यांनी मला ढोलीजवळ नेलं. “हे नाही धुतलं म्या. राखेतच हाय. औंदा सगळ्या धुऱ्यावर लावू. पुढच्या साली आण तुझी गाडी.”

नंतर ऑफिसनं सुधारित बियाण्याची पाकिटं वाटायचं ठरवलं. मला ग्रुपवर टाकायला सांगितलं, मी टाकलं. मावशींचा लगेच फोन आला. “ते धुऱ्यावर जगन का?” मी म्हणाले, विचारून सांगते. विचारलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, मी गेले. पंगतीत बसले. वरण लालसर, पातळ, गोडसर होतं. मी दोनदा मागून घेतलं आणि वंदनाला मुद्दाम जाऊन सांगितलं की वरण फार छान झालंय. एरवी मी असं कुणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात रोवणी सुरू झाली म्हणून पुन्हा गेले. पाकिटं आलेली नव्हती. मी वंदनाला म्हटलं, मावशींचं बियाणं बायांना वाटून टाकू.

“ढोलीतली तूर? ते तं तेरवीलेच लागली, मॅडम,” ती म्हणाली. “राख किती! तीन पाण्यानं धुतली. तुमीच तं सांगतलं होतं, राखेतली चालत नाही. अन् कंपनीचं बी येऊनच राहिलं होतं. मंग जुनं कायले ठेवू?” माझा चेहरा पाहून ती थांबली. “काहून? चांगलं झालं होतं ना वरण? तुमी दोनदा घेतलं.”

मी हो म्हणाले. तिची चूक नव्हती. मग मी आतल्या खोलीत गेले, वाकून ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. कडेकडेनं, लिंपणाच्या भेगांतून, दोनदा, तीनदा… मऊ, थंड राख होती. दाणा एकही नव्हता.

बाहेर आले तर समोरच्या बांधीत बाया वाकून रोवत होत्या. धुरा साफ करून ठेवला होता, काठाकाठानं तूर टोकायला जागा सोडली होती. त्यांतल्या शांताबाईंनी कंबर सरळ करून माझ्याकडे पाहिलं. माझा हात राखेनं भरलेला दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

“अवं, भेटलं वाटते बी!” त्या तिथूनच ओरडल्या. बाकीच्याही उभ्या राहिल्या.

मी धुऱ्यावरून त्यांच्याकडे चालत गेले. बी उरलं नाही, आणि राखेला नको मीच म्हणाले होते, हे सांगायचं होतं, आणि या वेळी ऑफिसला काही विचारायचं नव्हतं.