कमरेचा पट्टा

डोंगरावरच्या त्या वस्तीत मागाला पाय नसतात. ताण्याचं एक टोक घराच्या खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की धागे ताठ, उठली की सगळं ढिलं. म्हणजे अर्धा माग ती बाईच.

थोरल्या वहिनीचा जन्म त्या पट्ट्यात चालला होता. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं घराचं पाहुणेघर केलं. खालच्या शहरांतून माणसं डोंगर बघायला येत आणि डोंगराबरोबर तिलाही. जुना वेश घालून विणणारी वस्तीत तीच एक उरली होती. जावेचे हात चुलीपाशी चालत, मागावर नाही. सकाळी वहिनीच्या पाठीशी पट्ट्याची गाठ मारायची, एवढंच तिचं काम.

सासूचा दंडक होता, की मागावरचं कापड अर्धवट टाकून बाईनं घर सोडू नये, घरावर अरिष्ट येतं. वहिनीनं तो देवाच्या शब्दासारखा पाळला. दीरही पाळायचा, पण आपल्या सोयीनं. ताणा संपत आला की जुन्या टोकांना नवे धागे गाठून द्यायचा. कापड संपेना आणि तिला उठता येईना.

खाली शहरात तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण पोर. वहिनीनं विषय काढला, तर दीर म्हणाला, हा ग्रुप जाऊ दे. पुन्हा काढला, तर म्हणाला, तुम्ही नसलात तर लोक काय माझं तोंड बघायला येतील? ते तर मीही बघत नाही, असं जाऊ म्हणाली. सगळे हसले, वहिनीही हसली आणि हसण्यात विषय वाहून गेला.

एका सकाळी पाहुणे भोवती बसलेले असताना जावेनं फोन आणून तिच्या कानाला धरला. पलीकडे जावई होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पण ही सारखी आई कुठंय विचारते, म्हणाला.

वहिनीचे डोळे वाहायला लागले. समोर कॅमेरे वर आले. देवा, अरिष्ट आणायचंच तर माझ्यावर आण, असं मनातल्या मनात म्हणून तिनं कात्री उचलली आणि सगळा ताणा कापला.

दीर पांढराफटक पडला. क्षणभरच. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "नात झाली की आजीनं मागावरचं कापड कापायचं. आमची फार जुनी रीत आहे ही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती कापड काखोटीला मारून निघाली, तर तो दारापर्यंत मागे आला. "वहिनी, सोमवारी मोठा ग्रुप आहे. त्यांनाही हे कापायचं दाखवू."

"भाऊजी, नात काय रोज होते?"

"त्यांना काय कळतंय?"

ती बसमध्ये चढली. सीटला टेकली, तर पाठीत काहीतरी रुतलं. पट्टा कमरेलाच होता. मागची गाठ जावेनं मारलेली, हात पोचेना. शेजारणीला सोडायला सांगावं म्हणून ती वळली, तर शेजारीण पट्ट्यावरून कौतुकानं बोट फिरवत होती.

"किती सुंदर," ती म्हणाली. "हा तुम्ही कायम घालता का?"