नानजिंगला न केलेला फोन

बरेच महिने इथे नुसता वाचतोय. लोकांचे अनुभव वाचून मनात म्हणायचो — ताप असेल, झोप झाली नसेल, नाहीतर गोष्ट सांगता सांगता वाढली असेल. आमच्या घरात देवघर आहे ते अलकाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. माझा त्याच्याशी संबंध तिथला बल्ब बदलण्यापुरता. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण यात माझी एक चूक आहे आणि एक खोटं आहे, आणि ती दोन्ही जवळजवळ पाच वर्षं मी दाबून ठेवली. म्हणून लिहितो. भुताची गोष्ट म्हणून वाचायची असेल तर तशी वाचा... माझी हरकत नाही.

मी नॉटिंगहॅमला राहतो. इथल्या एका युनिव्हर्सिटीत, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसात नोकरीला होतो. चिनी भाषा शिकणारी आमची दहा-बारा मुलं दरवर्षी वर्षभरासाठी नानजिंगला जायची. तिथे कसं राहायचं, काय सांभाळायचं, याची एक छोटी पुस्तिका त्यांना द्यायचो. ती मी तयार करायचो.

आता गंमत अशी की मी चीनला कधीच गेलो नव्हतो. आजही नाही. परत आलेल्या मुलांकडून एक फॉर्म भरून घ्यायचो — पुढच्यांना काय सांगाल? — आणि त्यातून पुस्तिका बनायची. पोचल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीत नाव नोंदवा. राहत्या जागेचा पत्ता चिनी लिपीत लिहून घेऊन खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. नळाचं पाणी पिऊ नका. हॉस्टेलमध्ये उकळलेलं पाणी मिळतं, मोठा थर्मास घ्या. टॉयलेट पेपर कायम स्वतःचा. पासपोर्ट साइझ फोटो भरपूर न्या, तिथे प्रत्येक कागदावर फोटो चिकटतो. रस्ता ओलांडताना सायकली थांबणार नाहीत. तुम्हीही थांबू नका, एका चालीने चालत राहा. आणि थंडीचं मनावर घ्या — नानजिंगला सेंट्रल हीटिंग नसतं, घरात कोट घालून बसावं लागतं.

लोक म्हणायचे, सतीश, दहा वर्षं तिथे काढल्यासारखं लिहितोस. मला ते आवडायचं.

२००४ च्या उन्हाळ्यात डॅनियल नावाचा एक मुलगा परत आला. हॉस्टेल सोडून तो फ्लॅटमध्ये राहिला होता. त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं — बाथरूममध्ये गॅसचा गीझर असतो. थंडीत सगळे खिडक्यांच्या फटींना टेप लावतात. आंघोळ करताना मी बेशुद्ध पडलो, मित्राने दार तोडून काढलं. गीझर चालू असताना खिडकी उघडी ठेवायला सांगा. हे पहिल्या पानावर टाका.

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

पुस्तिका तेव्हा छपाईला निघालेली. सोळा पानी, मधोमध पिना मारलेली. अशा पुस्तिकेत एखादंच पान वाढवता येत नाही, वाढली तर एकदम चार. म्हणजे सगळी मांडणी पुन्हा. डॅनियलचं बसवायचं तर दुसरं काहीतरी काढायला हवं होतं. सूप भरलेलं डंपलिंग, तिकडचा तिखटामिठाचा मोदकच तो, कसं खावं — आधी टोकाला छोटं भोक पाडून आतलं गरम सूप प्यायचं, नाहीतर शर्ट गेलाच म्हणून समजा — यावर माझ्या आठ ओळी होत्या. खुसखुशीत जमल्या होत्या. त्या मी ठेवल्या. मनाची समजूत घातली की बहुतेक मुलं हॉस्टेलमध्येच राहतात, हे पुढच्या वर्षी घेऊ. फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला.

हे मला कुणी करायला लावलं नव्हतं.

त्या वर्षी जाणाऱ्यांत रेवती होती. माझा पुण्यापासूनचा मित्र विनय आणि शुभांगीवहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी. विनय इथे हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. रेवती इथेच जन्मलेली, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. वहिनींची तिला पाठवायची तयारी नव्हती. एका रविवारी जेवायला बोलावून त्यांनी मला समोर बसवलं.

"सतीशभावजी, स्पष्ट सांगा. एकटी पोर. काळजीचं काही नाही ना?"

"वहिनी, तिकडची सगळी माहिती माझ्या हाताखालून जाते. काही नाही."

"ह्याला काय विचारतेस!" विनय म्हणाला. "हा हीथ्रोवरून आजवर फक्त पुण्याला गेलाय."

सगळे हसले. मी पुस्तिका वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती तिथेच बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. डंपलिंगशी आल्यावर त्यांनाही हसू आलं. मग रेवतीकडे बघून म्हणाल्या, "बरं. जा."

पुढचा जानेवारी. शनिवार, दुपारचे बारा वाजले असतील. मी आणि अलका लंडनला, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर होतो, तिथे सगळी आपली दुकानं. संक्रांत जवळ आलेली, तीळ घ्यायचे होते, आणि कुठे चांगल्या मिळाल्या तर शेवग्याच्या शेंगा. आम्हा दोघांत मिळून एक मोबाईल, तो अलकाच्या पर्समध्ये. हे एवढ्यासाठी सांगतो की त्या वेळी मला काहीही झालं नाही. छातीत धडधड नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. मी शेंगा निवडत होतो. कोवळ्या आहेत का बघत होतो.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. आधी नुसतं रडणं.

"भावजी... तुम्ही काल फोन केला नसता तर माझी पोर..."

मला काही कळेना. पण आपल्या लोकांची एक सवय असते. कुणी आभार मानायला लागलं की कशाबद्दल हे कळायच्या आधीच तोंडातून निघून जातं. माझ्याही निघालं.

"अहो वहिनी, त्यात काय एवढं!"

त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं काढली.

मग विनयने फोन घेतला आणि सगळं सांगितलं. रेवती आणि मार्ता नावाची एक पोलिश मुलगी, दोघी आठवड्यापूर्वी हॉस्टेल सोडून फ्लॅटमध्ये आल्या होत्या. थंडीसाठी खिडक्यांना टेप लावलेली. नानजिंगला संध्याकाळचे आठ वाजलेले. रेवती आंघोळ करून आली, डोकं दुखायला लागलं म्हणून पडली. मार्ता आंघोळीला गेली. तेवढ्यात रेवतीचा मोबाईल वाजला. पलीकडे मी. मराठीत. "रेवती, ऊठ. आधी खिडकी उघड, मग बाथरूमचं दार." तिला पाय उचलेनात. कशीबशी टेप ओरबाडून तिने खिडकी उघडली. मार्ता बाथरूमच्या फरशीवर पडली होती.

"लेका, माझा धंदाच माणसं झोपवायचा आहे," विनय म्हणाला. "ती डोकेदुखी कसली ते मला विचार. अजून दहा मिनिटं आणि..." मग म्हणाला, "पण तुला नंबर कुठून मिळाला? सिम परवा घेतलंय तिने. आम्हालाच आज कळला."

"मिळवला," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा अलका शेगडीपाशी तीळ भाजत होती.

"अहो, तुम्ही कधी फोन केलात?"

"काल. तू शेंगा घेत होतीस तेव्हा."

"शेंगा तुम्ही घेतल्यात. आणि मोबाईल माझ्या पर्समध्ये होता."

मी पेपर उघडला. तिने गॅस बारीक केला. त्यानंतर आजतागायत तिने हा विषय काढलेला नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या ड्रॉवर उघडला. डॅनियलचा फॉर्म तिथेच होता, दोन रेघांसकट. तो मी श्रेडरमध्ये घातला. मार्ता जगली, पण बराच वेळ आत राहिली होती. पुढे कळलं की तिला साधे साधे शब्द सापडेनासे झाले, शिक्षण अर्धवट टाकून ती घरी परत गेली. त्या वर्षीच्या पुस्तिकेत गीझरचा मजकूर मी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत टाकला. वरिष्ठांनी कौतुक केलं.

आणि आमच्या मराठी मंडळात मी एकदम कुणीतरी झालो. संक्रांतीच्या कार्यक्रमात वहिनींनी सगळ्यांसमोर तिळगूळ दिला आणि पाया पडायला वाकल्या. "ह्यांना आतून कळलं हो!" मी मागे सरकलो तर लोकांना तो नम्रपणा वाटला. एकदा तर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर्जरी या महिन्यात करू की पुढच्या? तुम्हाला काय वाटतं?"

गॅसमुळे रेवतीला भास झाला असेल, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. पण तिच्या मोबाईलमध्ये आलेला कॉल दिसत होता. एकोणीस मिनिटांचा. नंबराच्या जागी काही नाही. तिथे तिला ओळखणारं मराठी कुणी नव्हतं. गीझरचं ठाऊक होतं ते डॅनियलला, पण त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. फोनची घंटा वाजली की मला वाटायचं, पलीकडे माझाच आवाज असेल. अजूनही फोन अलकाच उचलते.

गेल्या महिन्यात मी लंडनला, ईलिंग भागात रेवतीच्या फ्लॅटवर गेलो. मुद्दाम, एकटा. ती आता पंचविशीची आहे, भाषांतराचं काम करते. दुपारची वेळ होती. तिने चहा टाकला.

"काका, शुगर किती? अलकाकाकूला नाही सांगणार."

"बस जरा, रेवती. एक सांगायचंय."

मी डॅनियलच्या फॉर्मचं सांगितलं. तो माझ्याकडे होता, छापला नाही, आणि नंतर श्रेडरमध्ये घातला, हेही. जेवढं जमलं तेवढं. तिच्याकडे न बघता.

"मला माहितीये, काका," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"फॉर्मचा. तुम्हीच सांगितला ना. फोनवर."

आता मी तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं मी विसरलो.

"मी मार्ताला ओढत बाहेर लँडिंगवर नेली. शेजारची आजी आली, तिने अँब्युलन्स बोलावली. मग मी कोट घ्यायला आत आली. फोन बेडवर होता आणि तुम्ही अजून बोलत होता. रूममध्ये कोणी नव्हता तरी! मी कानाला लावला तर तुम्ही रडत होता. डंपलिंगच्या आठ ओळी ठेवल्या आणि हे काढला, डंपलिंगच्या आठ ओळी ठेवल्या आणि... सेम थिंग, परत परत. मला भीती वाटली तुम्हाला काही होईल. सो मी म्हटली, इट्स ओके काका, मी ठीक आहे. तेव्हा तुम्ही फोन ठेवला."

"आईला सांगितलंस हे?"

"नो! आई तुमच्याशी परत बोलली असती का? मला वाटला, तुम्हाला जमेल तेव्हा तुम्ही सांगाल."

डंपलिंगचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. अलकाला नाही, ऑफिसात नाही, आत्ता समोर बसून रेवतीलाही नाही. आणि त्या शनिवारी तर ते माझ्या स्वतःच्याही डोक्यात नव्हतं. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकल्यापासून मी त्याचा एकदाही विचार केला नव्हता.

तिथे थांबता आलं असतं. ज्यासाठी गेलो होतो ते पाच वर्षांपूर्वीच झालं होतं. ही पोर मला माफ करून मोकळी झाली होती. चहा पिऊन मी घरी जाऊ शकत होतो. माझ्या मनात तेही आलं, खोटं कशाला बोलू.

"रेवती, तो फोन मी केला नव्हता."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी वेम्बलीचं सांगितलं, अलकाच्या पर्समधल्या मोबाईलचं, आणि वहिनींना मी काय उत्तर दिलं ते. तिने हातातला कप अगदी हळू खाली ठेवला.

"पण तुमचाच आवाज होता, काका."

"असेल."

"मग मी इट्स ओके कोणाला म्हटली?"

तिने ते 'इट्स ओके' मला पुन्हा म्हटलं नाही. मीही मागितलं नाही. दारापर्यंत सोडायला आली, 'संभाळून जा' म्हणाली. नेहमीसारखं जवळ मात्र आली नाही.

कुणी म्हणेल माणसाचं मन कुठेही पोचतं. असेल. पण माझं मन त्या दिवशी कुठेच निघालं नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. जे बोललं ते माझ्याहून बरं होतं एवढंच मला म्हणता येतं, आणि ते काय होतं हे विचारायची आता मला भीती वाटते.

उद्या विनयकडे जातोय. शुभांगीवहिनींना सगळं सांगायचंय... फॉर्म, फोन, दोन्ही. त्या काय म्हणतील याची धास्ती आहेच. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी आहे. मी बोलायला सुरुवात करीन आणि त्या शांतपणे म्हणतील, "भावजी, हे तुम्ही मला केव्हाच सांगितलंय."